कमी आलेलं बिल

पुण्यात थंडी पडतच नाही, असं माझ्या ऑफिसातली उत्तरेकडची मंडळी म्हणायची. डिसेंबरात मी मफलर गुंडाळून कॅन्टीनमध्ये गेले की त्यांना हसू फुटायचं. त्यांच्याकडे म्हणे धुक्यात स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. मी वाद घालायची नाही. खडकीच्या क्वार्टर्समध्ये पहाटे पाचला गार फरशीवर अनवाणी उभं राहून दात घासलेल्या माणसाला थंडीबद्दल कुणाकडून काही शिकायचं राहिलेलं नसतं.

माझे वडील खडकीच्या कारखान्यात कामगार होते. आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. नदी जवळ, त्यामुळे गारठा शहरापेक्षा चार बोटं जास्तच. भिंतीतलं वायरिंग इतकं जुनं की विजेचा हीटर लावायला बंदी होती. बंदी असली तरी पाणी तापवायची कॉइल बहुतेक घरांत होती, आणि तपासणीला माणूस आला की ती कुठे लपवायची हेही ठरलेलं होतं. आमच्या शेजारच्या काकू ती ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खुपसून ठेवत. माझ्या वडिलांचा मात्र नियमांवर भारी जीव. त्यांच्या घराण्यात पगाराची नोकरी पाहिलेले ते पहिलेच. एका बादलीसाठी ही नोकरी पणाला लावणार नाही, असं त्यांनी एकदा सांगितलं आणि तो विषय आमच्या घरात कायमचा संपला.

गॅस होता, पण तो स्वयंपाकापुरता. सिलिंडर लवकर संपला तर पुढचा कधी मिळेल याची खात्री नसायची. मग आईने भुशाची शेगडी आणली. पत्र्याचा गोल डबा, खालच्या बाजूला एक भोक. मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक दांडका आत घालायचं आणि भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा. मग बाटली आणि दांडका अलगद काढून घ्यायचं. भुसा नीट ठासलेला असला तर मधली पोकळी तशीच उभी राहते, आणि खालून पेटवलं की शेगडी दोन-तीन तास संथ जळत राहते. बाजारापलीकडच्या वखारीत भुसा जवळजवळ फुकट मिळायचा. आई पोतं डोक्यावर घेऊन यायची आणि अंगणात पसरून वाळवायची. भुसा ठासण्यात तिचा हात धरणारं आमच्या ओळीत कुणी नव्हतं. दुसऱ्या बायकांची शेगडी मध्येच ढासळायची, आईची कधी ढासळली नाही.

आधी ही शेगडी मागच्या अंगणात असायची. पहाटे तिच्यावर आंघोळीचं पाणी तापायचं, की संपलं. मी सातवीत गेले त्या वर्षी आईच्या डोक्यात आलं, की एवढी धग नुसती आभाळात जाते. त्या हिवाळ्यात शेगडी आतल्या खोलीत आली. पाणीही तापायचं आणि खोलीही तापायची. गरम हवा बाहेर जाऊ नये म्हणून आईने खिडकीच्या फटींत वडिलांच्या जुन्या खाकी पँटींचे तुकडे कोंबले आणि दाराखाली गोणपाट लावलं. वडिलांना या युक्तीचं एवढं कौतुक वाटलं की कारखान्यातल्या दोन-तीन जणांना घरी आणून त्यांनी ती दाखवली.

या सगळ्याचं कारण मी होते. मला पहाटे उठून अभ्यास करायचा असे, आणि गारठ्याने बोटं आखडली की अक्षर बिघडायचं. आई मला दाराजवळ, शेगडीपासून लांब बसवायची, कारण जवळ बसलं की माझे डोळे चुरचुरायचे. स्वतः मात्र शेगडीला लागून बसायची. आच मंदावली की कुणीतरी काडी घालून भुसा हलवायला हवा, आणि ते काम मला सांगितलं तर अभ्यासातून लक्ष उडणार. दिवाळीनंतर तिला खोकला लागायचा आणि होळीच्या सुमाराला जायचा. वडील म्हणायचे, बाई खोकायला लागली, आता ट्रंकेतून स्वेटर काढायला हरकत नाही. आम्ही तिघंही हसायचो. आईसुद्धा हसायची, आणि हसताना तिला पुन्हा खोकला यायचा.

मी इंजिनिअर होऊन नोकरीला लागेपर्यंत दर हिवाळ्यात ती शेगडी आतच राहिली.

पुढचं सगळं भराभर झालं, कारण तो काळच भराभर चालला होता. हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. माझा पहिला पगार वडिलांच्या शेवटच्या पगारापेक्षा जास्त होता आणि ही गोष्ट घरात कुणी बोलून दाखवली नाही. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, मी कर्ज काढून बाणेरला फ्लॅट घेतला. नव्या घरात वडील दीड वर्ष राहिले आणि एका सकाळी पेपर वाचता वाचता गेले. माझं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. उरलो मी आणि आई.

बाणेरच्या इमारतीवर सोलर होता. नळ सोडला की आधी बादलीभर गार पाणी येतं आणि मग गरम. ती पहिली बादली आईने कधी वाया घालवली नाही, तिच्यावर घरातली फरशी पुसली जायची. ढगाळ दिवशी गीझर लावावा लागला तर ती बटणापाशी उभी राहायची, म्हणजे वेळेवर बंद करता येईल. मी चिडवायची, की अगं, गीझर पळून जात नाही. ती म्हणायची, बिल पळतं ना.

तिच्या आजाराची पहिली चाहूल मला तिच्या वंदनेतून लागली. रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून ती त्रिसरण-पंचशील म्हणायची. लहानपणापासून मी ते अर्धवट झोपेत ऐकत आले होते, आणि तिचा आवाज कुठे थांबतो, कुठे पुढे जातो हे मला पाठ होतं. एका थंडीत तो भलत्याच ठिकाणी थांबायला लागला. ओळीच्या मध्येच ती श्वास घ्यायची. पुढच्या थंडीत तर एका ओळीत दोनदा. मी विचारलं तर म्हणाली, वय झालं. तिला तेव्हा साठही पूर्ण झाली नव्हती.

डॉक्टरांनी तपासून विचारलं, बिडी, सिगारेट, मिश्री काही? आई अशी दुखावली, की डॉक्टरांनाच ओशाळल्यासारखं झालं. मग त्यांनी विचारलं, चुलीवर स्वयंपाक केलाय का? ती म्हणाली, माहेरी केला, पण लग्न झाल्यापासून आमच्याकडे गॅस आहे. हे तिने ताठ बसून सांगितलं. डॉक्टर लिहीत राहिले, आणि मग मीच शेगडीचं सांगितलं. भुसा, बंद खिडकी, गोणपाट, सगळं. आई मध्येच म्हणाली, त्याचा कुठं एवढा धूर व्हायचा, मी भुसा कडकडीत वाळवून घ्यायची. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बंद खोलीतला बारीक धूर वर्षानुवर्षं छातीत गेला की फुप्फुसं कशी निकामी होतात, ते त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. जे गेलंय ते परत येणार नाही, आता उरलंय ते जपायचं, असं म्हणाले.

परतताना रिक्षात आई पिशवीतल्या गोळ्या बघत बसली होती. मी बाहेर बघत होते. माझी दहा-अकरा वर्षं उबेत गेली होती, आणि त्या उबेची किंमत कुणी चुकवली हे मला त्या दिवशी कळलं. मला कळलंय हे तिलाही कळलं असावं, कारण विद्यापीठाच्या चौकात ती एकदम म्हणाली, तो डॉक्टर जरा जास्तच बोलतो.

दोन वर्षं गोळ्या आणि पंप यांवर गेली. मग रक्तातला ऑक्सिजन कमी पडायला लागला, आणि डॉक्टरांनी घरी मशीन ठेवायला सांगितलं. हवेतून ऑक्सिजन ओढून घेणारं, विजेवर चालणारं, गुरगुरणारं एक धूड. ते भाड्याने देणारं एक दुकान नारायण पेठेत होतं. दुकानदार साठीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी नळी कशी लावायची ते एकदा दाखवलं आणि म्हणाले, "रोज किमान सोळा तास. पुन्हा सांगत नाही, लिहून घ्या." मी खरंच लिहून घेतलं. शिवाय थंड हवेने आईला खोकल्याची उबळ यायची, म्हणून खोलीत हीटर लावायचा असंही डॉक्टरांनी बजावलं होतं. तोही त्याच दिवशी आणला. आमच्या घरात आलेला तो पहिला हीटर.

नेमका तेव्हाच आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्याला पडता काळ आला होता. अमेरिकेत बँका बुडत होत्या आणि त्याचे हादरे हिंजवडीत बसत होते. माझं प्रोजेक्ट बंद झालं, मी बिनकामाची बसून होते. दर शुक्रवारी कुणाला तरी वरच्या मजल्यावर बोलावणं यायचं आणि तो माणूस खोक्यात सामान भरून खाली यायचा. पगारात कपात झाली होती. घराचा हप्ता, औषधं, मशीनचं भाडं. मी आईला यातलं काही सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरज नव्हती. मी घरी येऊन न बोलता जेवायची, आणि एक दिवस जेवताना म्हणाले, की आता आपण जरा विजेचं बघायला हवं. गीझर अगदी नडलं तरच. टीव्ही कमी. बाल्कनीतला दिवा नको. मशीन आणि हीटर सोडून, असं मी म्हणाले होते. ते मी नक्की म्हणाले होते, मला चांगलं आठवतं. ते शब्द मी इतक्या वेळा आठवले आहेत, की आता माझाच माझ्यावर विश्वास उरलेला नाही.

आई म्हणाली, बघू की.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात डिसेंबरचं बिल आलं. मशीन चालू, हीटर चालू, म्हणजे आकडा फुगलेला असणार असं धरून मी पाकीट फोडलं. बिल मी धरलं होतं त्याच्या जेमतेम निम्मं होतं. मला इतकं बरं वाटलं. त्या आठवड्यातली ती एकच चांगली बातमी होती. मी रोज कॉम्प्युटरवर इतरांच्या चुका शोधून पोट भरणारी बाई. आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला की आधी काय तपासायचं, हे मी नव्या मुलांना शिकवायची. पण त्या दिवशी मी काहीच तपासलं नाही. मी आईच्या खोलीत गेले, बिल तिच्यापुढे नाचवलं आणि म्हणाले, "आई, कमाल आहे तुझी. कसं काय जमवलंस?" ती नुसती हसली. मी तिच्या गालाला हात लावला. गाल थंडगार होता, आणि मला वाटलं, ती आत्ताच तोंड धुऊन आली असेल.

त्याच महिन्यात एका रविवारी नारायण पेठेतले दुकानदार मशीनची जाळी साफ करायला स्वतः आले. त्यांनी मशीन उलटं फिरवलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मागचा छोटा आकडा वाचला. मशीन एकूण किती तास चाललं ते तिथे कळतं, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांनी खिशातल्या डायरीत मागचा आकडा पाहिला, तोंडातल्या तोंडात वजाबाकी केली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, मशीन पेशंटसाठी नेलं होतं ना? का घराची शोभा म्हणून?"

त्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. मी तो दोनदा तपासला, या वेळी तपासला. मशीन रोज जेवढे तास चाललं होतं, ते तास मी घरी असण्याच्या तासांशी जुळत होते. शनिवार-रविवार धरून अगदी बरोबर. मी सकाळी आठला कंपनीच्या बसमध्ये बसायची आणि घरातलं मशीन बंद व्हायचं. हीटरही बंद व्हायचा. मी येण्याच्या थोडं आधी दोन्ही चालू व्हायचं, म्हणजे मला खोली उबदार लागावी.

आई बाल्कनीत खुर्चीवर बसली होती. आमच्या बाल्कनीत साडेनऊपासून ऊन येतं. ती शाल घेऊन, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर उचलून एकेक श्वास ओढत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मला तोंड सुटलं. बाहेरचा माणूस घरात आहे याचंही मला भान नव्हतं. मी म्हणाले, की तुझ्या या असल्या काटकसरीनेच तुझी छाती गेली, आता उरलेलीही घालवायची आहे का? मी राबते ती कुणासाठी? चार पैशांसाठी तू माझ्याशी खोटं वागलीस. आणखीही बरंच बोलले. ती ऐकत होती. मध्ये बोलायला तिच्याकडे श्वास नव्हता, आणि मी थांबत नव्हते.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "उन्हात बरं वाटतं गं. उन्हाला कुठं बिल येतं?"

तिने आणखी दोन-तीन श्वास जमवले.

"त्या दिवशी बिल बघून तू किती खूश झालीस. किती दिवसांनी हसलीस. मला वाटलं, या महिन्यात आणखी थोडं कमी करू."

दुकानदार आत जाळी बसवत होते. त्यांनी मशीन चालू केलं आणि त्याची गुरगुर बाल्कनीपर्यंत आली. जाताना त्यांनी पैसे घेतले, पावती दिली आणि दारात मला हळूच म्हणाले, की माझ्या आईनेही असंच केलं असतं. पेठेतला माणूस असलं काही बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

मी महिन्याभराची रजा टाकली. बिनकामाच्या माणसाने रजा मागितली तर कोण नाही म्हणणार? दिवसभर मशीन चालू, हीटर चालू, नळी तिच्या नाकाशी आणि मी तिच्या खाटेशी. डॉक्टर येऊन गेले. ते म्हणाले, पूर्ण तास चालवलं असतं तरी फार तर काही महिने मिळाले असते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हे मी मनाला लावून घेतलं. काही महिने म्हणजे आणखी एक उन्हाळा होता, आणि उन्हाळ्यात तिला नेहमी बरं वाटायचं.

आईला मात्र त्या दिवसांत वेगळीच चिंता होती. मी घरी का बसलेय, नोकरी गेली का, हे तिने दोनदा विचारलं. मग फेब्रुवारी लागला आणि ती बिलाचं विचारायला लागली. जानेवारीचं बिल आलं का? सकाळी डोळे उघडले की एकदा, दुपारी लापशी भरवताना एकदा. बिल आलं होतं. महिन्याचे पहिले तीन आठवडे तिने हीटर आणखीच कमी चालवला होता आणि मीटरचं रीडिंग माझी रजा सुरू होण्याआधीच झालं होतं, त्यामुळे ते डिसेंबरपेक्षाही उतरलं होतं. पाकीट हातात घेऊन मी स्वयंपाकघरात बराच वेळ उभी होते. कमी आलंय म्हणावं, तर ज्याने तिचा जीव चालला होता त्याचीच मी पुन्हा शाबासकी देणार. जास्त आलंय म्हणावं, तर तिने जे सोसलं ते फुकट गेलं असं तिला वाटणार.

मी म्हणाले, अजून आलं नाही.

ती रोज विचारत राहिली, मी रोज तेच सांगत राहिले. शेवटच्या दोन दिवसांत तिला बोलता येत नव्हतं, तेव्हा ती भुवई उचलून दाराकडे बघायची, जिथून मी टपाल आणायची. मी मान हलवायची. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. भरलेलं बिल माझ्या पर्समध्ये होतं. तिच्या मनासारखं ते कमी आलं होतं, आणि मी तिला ते कळू दिलं नाही.